तणसात बांधलेली बुचं

निघालो होतो गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाला. नागपूरहून सकाळी गोंदियाला उतरलो. पुढच्या गाडीला वेळ होता, आणि फलाटावर एक माणूस परदेशी शिक्के मारलेल्या खोक्यावर बसून आलुबोंडा खात होता. झालं, किल्ला राहिला.

चैतरामभाऊ त्यांचं नाव. त्यांची बहीण रेवंताबाई आमगावला बाटल्यांची बुचं बनवते. बूच बाहेरदेशच्या झाडाच्या सालीचं, ते मागवायचं आणि वर लेथ यंत्रावर घोटलेली सागाची मूठ बसवायची. पहिल्यांदाच परदेशी गिऱ्हाइकाला नमुने पाठवले, तर तिकडच्या बंदरावरूनच परत. कारण विचारलं तर भाऊ म्हणाले, चला, डोळ्यानंच पाहा.

आमगावला पॅसेंजरनेच जा, तिकीट चहा-समोशाच्या भावात पडतं. स्टेशनपासून पायी गेलात तर धानाच्या शेतांच्या बांध्या संपतात तिथे त्यांचं टिनाचं शेड दिसतं.

खोकं उघडलं. आत तणस! धानाच्या वाळल्या काड्यांत एकेक बूच लेकरासारखं निजवलेलं. इथे आंबे, मडकी, अंडी सगळं तणसातच जातं, मग बुचं कशात जाणार? पण तिकडे म्हणे गवतातून कीड येते. माल कुणी पाहिलाच नाही.

आम्ही भात आणि लाखोळीची डाळ जेवत होतो तेव्हा गोंदियाचे एक शेठ आले, माल बाहेरदेशी पाठवणारे व्यापारी. महिनाभरात नमुने पोचले नाहीत तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, माल माझ्या नावाने पाठवा, बाकी मी बघतो. "बाई, ये एक्सपोर्ट है, आमगाव का बाजार नहीं."

रेवंताबाईने माझ्या ताटात भात टाकला, मग त्यांच्याकडे पाहिलं. "चूक तणसाची होती शेठजी, मालाची नाइ. मंग नाव कायले बदलू?"

शेठ हसले. खोकं परत आलं तर माझ्याकडेच याल, म्हणाले.

"आलं तं येईन. आता जेवून घ्या."

शेठ जेवले, हे खरं.

दुपारभर आम्ही तिघांनी एकेक बूच ब्रशने झाडलं. खाली काडी दिसली की बाई पुन्हा अख्खी खोली झाडायची. तणसाऐवजी पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्या कापून माझ्या बोटाला फोड आला. खोक्यावर तिचं नाव आणि आमगाव मी इंग्रजीत लिहिलं. बारीक झालं म्हणून तिने पुन्हा लिहायला लावलं, मोठं.

मला शाळेत कुणी एकदा 'नाही' म्हणालं की मी तो रस्ताच सोडायचो. बरेच रस्ते असे सुटले. नागपुरात परत येऊन तीन आठवडे झाले तरी हेच डोक्यात घोळत होतं, तेवढ्यात चैतरामभाऊंचा फोन आला. खोकं पोचलं, पण मुठी जड आहेत म्हणून गिऱ्हाइकाने बुचं नाकारली. त्यांच्या मागे लेथचा आवाज चालूच होता. रेवंताबाईने फोन घेतला.

"अवो भाऊ, या खेपेला पाहून तं नाइ म्हनले न? मूठ हलकी करता येते. तेच करून राहिली मी."