कुंचीवाला लायोश

आमच्या घरात कुठलीही बातमी वरून खाली येते, कारण मी तळघरात राहतो. महिना-सव्वा महिन्यापूर्वी दुपारी वर फोन वाजला. सूनबाईचं "ओ नो... सो सॉरी, इलोना" एवढं ऐकू आलं आणि मी समजलो. ती जिना उतरून येईपर्यंत चष्मा पुसत बसलो.

"बाबा, तुमचे फ्रेंड गेले," ती म्हणाली.

"गेला नाही, सुटला," मी म्हटलं.

माझं बोलणं असंच आहे. शाळा सातवीत सुटली, पुढं जन्मभर साताऱ्याकडच्या घाटांतून लाल डबा चालवला. गोड बोलायला कोणी शिकवलं नाही आणि लिहायला तर नाहीच. पण लायोशबद्दल मी नाही लिहिलं तर मराठीत कोण लिहिणार?

लायोश हंगेरी देशाचा. वॉटर पोलो खेळायचा, ऑलिम्पिकचं सोनं जिंकलेला गडी. हा खेळ मलाही माहीत नव्हता. सात जण इकडं, सात तिकडं, पाण्यात दोन जाळ्या आणि एक चेंडू. चेंडू एकाच हातानं धरायचा, आणि सामना संपेपर्यंत तळाला पाय टेकायचा नाही. गोल राखणाऱ्याची गोष्ट वेगळी, बाकी कुणाला आधार नाही. लायोश म्हणायचा, पंचाला फक्त पाण्यावरचं दिसतं. वर सगळे सभ्य, आणि खाली लाथा, चिमटे, चड्ड्या ओढणं.

आमचा प्रमोद शिकागोजवळ शॉमबर्गला नोकरीला. त्यानं २००१ साली आम्हा दोघांना, मला आणि शेवंताला, इथं आणलं. पोरगा चांगला, सून चांगली, घर मोठं. पण इथं चालत जावं असं काही नाही. दुकान नाही, पार नाही, चहाची टपरी नाही. लायसन्सच्या परीक्षेला इंग्रजी वाचता यावं लागतं, ते मला येत नाही. भरलेली गाडी घेऊन घाट चढणारा माणूस इथं मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावून बसतो. आमची खोली तळघरात. खिडकी छताला लागून, तिच्यातून पोस्टमनचे बूट दिसायचे आणि थंडीत नुसता बर्फ. शेवंता म्हणायची, "अहो, इथं जीव गुदमरतो. मेल्यावर तरी मला मोकळ्यावर न्या."

माझे गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं. गावाचा बंदिस्त तलाव आहे, आत गरम पाणी. उथळ बाजूला म्हाताऱ्या बाया गाण्यावर हात हलवतात, त्यांच्यात मी. आणि माझ्या शेजारी एक दांडगा म्हातारा, नाक दोन ठिकाणी मोडलेलं, छातीवर लांब शिवण, डोक्याला कापडी टोपी आणि हनुवटीखाली नाड्या बांधलेल्या. बाकावर बसलेली शेवंता तोंडाला पदर लावून हसली. "एवढा मोठा घोडा, आणि तान्ह्या पोरासारखी कुंची घालून आलाय!"

ती त्याची खेळातली टोपी होती. तेवढी एकच वस्तू त्याच्याबरोबर अमेरिकेत आली होती. काळजाचं ऑपरेशन झाल्यापासून त्याच्या मुलीनं, इलोनानं, त्याला खोल पाणी बंद केलं होतं. दोरीच्या अलीकडं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, बस. तो चिडून म्हणायचा, "ड्रायव्हर, उभं राहायला मी पाण्यात येतो का? उभं तर रस्त्यावर पण राहता येतं." आम्हा दोघांचं इंग्रजी मोडकंतोडकं. मी ते इथं आपल्या भाषेत लिहितोय, पण आम्हाला एकमेकांचं कळायचं. तो मला ड्रायव्हर म्हणायचा, मी त्याला लायोशराव. शेवंतानं एकदा बाहेरच्या बाकावर त्याला भाकरी आणि ठेचा दिला. मला वाटलं मरतो आता. डोळ्यांतून पाणी, नाक लालभडक, आणि हात पुढं... अजून! त्यांच्याकडंही मिरचीशिवाय जेवण नाही म्हणे. त्याच्या टोपीची एक नाडी विरून तुटली होती, ती शेवंतानं आपल्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची करून दिली. पुढच्या खेपेला तो ती नाडी बांधून तिच्यापुढं कमरेत वाकला. ती लाजली, आणि वर मलाच म्हणाली, "बघा, शिका काहीतरी."

त्याची गोष्ट मला त्या उथळ पाण्यात उभ्या उभ्या, तुकड्या-तुकड्यानं कळली. त्याच्या गावात जमिनीतून गरम पाणी येतं, बाप तिथल्या स्नानगृहात टॉवेल द्यायचा. पोरं उघड्यावरच्या तलावात शिकायची, अंगाला गरम पाणी आणि डोक्यावर बर्फ पडतोय. त्यांचा वस्ताद लाकडी खुर्ची दोन्ही हातांनी डोक्यावर धरायला लावायचा आणि पायानं गोल गोल पाणी घुसळत राहायचं. खुर्ची भिजली की जेवण नाही. लायोश विशीच्या आत देशाच्या संघात गेला. त्याची जागा विरुद्ध जाळीच्या अगदी तोंडाशी, जाळीकडं पाठ करून. तिथल्या माणसाला सगळे लोंबकळतात, बुडवतात, आणि त्यानं तरीही वर यायचं. एका सामन्यात कान फुटला, तसाच खेळला. सोनं जिंकून आला तेव्हा गावानं त्याला खांद्यावरून नेलं. पुढल्या ऑलिम्पिकला संघ साता समुद्रापार गेला, आणि पाठीमागं घरी रशियाचे रणगाडे शिरले. पोरं खेळली, जिंकली, आणि काही परत गेलीच नाहीत. लायोश त्यातला. म्हणजे चोविसाव्या वर्षी खेळ संपला. इथं त्याचा खेळ कोणाला ठाऊक? शाळेच्या तलावात औषध टाकायचं आणि केस अडकलेल्या जाळ्या साफ करायच्या, ही त्याची नोकरी. निवृत्त होईपर्यंत तेच.

तिकडं आई वारली तेव्हा त्याला जाता आलं नाही, गेला असता तर आत टाकलं असतं. खूप वर्षांनी राज्य बदललं, मग गेला. स्नानगृहाच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, आणि फोटोखालच्या खिडकीतल्या पोरीनं त्याच्याकडं तिकीट मागितलं. "मग?" मी विचारलं. "मग काय, तिकीट काढलं, पोहलो, परत आलो."

शेवंता दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात गेली. न्यूमोनिया. प्रमोदनं तिची राख प्लास्टिकच्या डब्यात आणली. मी ती तिच्या लग्नातल्या तांब्यात भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि तळघरात, घर गरम करायच्या यंत्राशेजारच्या फळीवर ठेवली. दुसरी जागाच नव्हती. प्रमोद म्हणाला, "बाबा, तुमच्या ग्रीन कार्डाची फाइल अडकलीय. आता देशाबाहेर गेलात तर परत येता येणार नाही. मी एकटा जाऊन कृष्णेत सोडून येतो." मी म्हटलं, "तिला घेऊन आलो मी. सोडणारही मीच." मग कार्डाची वाट बघणं सुरू झालं. ते काही येईना. यंत्र घरघरायचं, तांब्या गरम लागायचा. जिथं जीव गुदमरतो म्हणायची, तिथंच तिला ठेवली होती मी... रोज सकाळी उठलो की पहिली तीच दिसायची.

हे मी लायोशला तलावात सांगितलं. तो म्हणाला, "माझी आई त्यांनी पुरली, मी तलावात औषध टाकत होतो. ड्रायव्हर, पाणी इथं पण आहे. इथून पूर्वेला. पलीकडचा काठ दिसत नाही एवढं."

मुलीनं त्याच्या गाडीची किल्ली काढून घेतली होती, पण दुसरी त्यानं चहाच्या डब्यात लपवली होती. सप्टेंबरातल्या एका सकाळी, पोरं कामावर गेल्यावर, मी तांब्या पिशवीत घालून दोन गल्ल्या चालत त्याच्या घरी गेलो. लायोशला डॉक्टरांनी चालवायला मनाई केलेली, मला सरकारनं. चालवली मी. या गाड्यांना क्लच नसतो हे डोक्याला माहीत होतं, डाव्या पायाला नव्हतं. तो क्लच शोधत गेला आणि सगळाच्या सगळा ब्रेकवर पडला.

"ड्रायव्हर! माझ्या छातीला टाके आहेत!"

"गप बस. डावीकडं की उजवीकडं ते सांग."

पुढं मी मराठीत ओरडत होतो, तो त्याच्या भाषेत, आणि रस्ता बरोबर सापडला. कित्येक वर्षांनी हातात चाक होतं. खोटं कशाला बोलू, बायकोची राख मागं असताना मला बरं वाटत होतं.

तळं कसलं, समुद्रच तो. फक्त वास नाही. माझे गुडघे वाळूतच थांबले. मी त्याला हातानं दाखवलं, फडकं सोडायचं, तांब्या हळू तिरका करायचा, आणि तांब्या परत आणायचा. त्यानं मान हलवली, कुंची चढवली, हिरवी नाडी बांधली. म्हटलं, "लायोशराव, काळीज?" तो म्हणाला, "उथळात ते जास्त दुखतं." आणि गेला. एका हातानं पाणी कापत, दुसऱ्या हातात शेवंता. तांब्याला एक थेंब लागू दिला नाही त्यानं. खूप आत जाऊन थांबला, फडकं सोडलं, आणि तांब्या वर धरून माझ्याकडं बघू लागला. मी तिला शेवटचा नमस्कार करायला दोन्ही हात डोक्यावर नेले.

त्यांच्या खेळात वस्तादानं काठावरून हात वर केले की जाळीत मार, असा अर्थ होतो. हे मला कुठं माहीत? तो गडी कमरेपर्यंत पाण्याच्या वर आला, खाली काही आधार नसताना, सत्तरी उलटलेला माणूस... आणि जीव खाऊन फेकला. तांब्या उन्हात लखलखत गेला, मागं राखेची लांब शेपटी, आणि लांबवर बुडाला.

"अरे ए, तांब्या!" मी ओरडलो. शिवीसुद्धा दिली. तो धापा टाकत, दात काढत बाहेर आला.

"गोल?" त्यानं विचारलं.

"गोल," मी म्हटलं. आणि वाळूत बसून जो हसलो, शेवंता गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडलो, ते वेगळं.

संध्याकाळी दोन्ही घरांत बोंब झाली. प्रमोद म्हणाला, "बाबा, यू कुड हॅव डाइड! पकडलं असतं तर?" मी म्हटलं, "तुझी आई बाहेर पडली, मला पुरे." इलोनानं गाडी विकली. दोनेक वर्षांनी लायोश विसरायला लागला, तेव्हा तिनं त्याला वृद्धांच्या संस्थेत ठेवलं. तिथली दारं आकडे दाबल्याशिवाय उघडत नाहीत. प्रमोद एखाद्या रविवारी मला न्यायचा. लायोश खुर्चीत असायचा. इंग्रजी सगळं गेलं होतं, नावं गेली होती. पण मांडीवरच्या पांघरुणाखाली पाय हलत असायचे, गोल गोल, थांबायचेच नाहीत. नर्स म्हणायची, अस्वस्थ आहेत. औषध द्यायची. मी तिला सांगून बघितलं, तो खेळतोय. तिला माझं इंग्रजी कळलं नाही.

त्याला पुरल्यावर इलोनानं कुंची मला आणून दिली. तांब्या असायचा त्या फळीच्या खिळ्याला ती टांगलीय. पांढरं कापड पिवळं पडलंय, शेवंताच्या काठाचा हिरवा रंग मात्र तसाच आहे.

आणि आता कार्ड आलं. फाइल सुटली. परवा प्रमोद खाली येऊन म्हणाला, "बाबा, आता तुम्ही मोकळे. तिकीट काढू? गावी जाऊन या, राहावंसं वाटलं तर राहा."

मी कॉटवर बसलो होतो. कृष्णेवर जाऊन मी काय सोडू? माझी बायको इथल्या तळ्याच्या तळाशी आहे, तिला तिथं फेकणारा इथल्या मातीत आहे. तिला मोकळी केली आणि मीच अडकलो. प्रमोद माझ्या पायांकडं बघत होता. कॉट उंच आहे, पाय जमिनीला लागत नाहीत.

"बाबा, पाय का हलवताय? दुखताहेत का?"

मी खाली बघितलं. खरंच हलत होते. गोल गोल.

"नाही रे," मी म्हटलं. "असू दे."