प्रसादचं भाषांतर, सीझन दोन

आमच्या दाराशी जसा जँडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा, ढीग साचतो, तसे आमच्या ग्रुपमध्ये किस्से साचतात. कोणी मुद्दाम जमवत नाही, पण येता-जाता पायात येतातच. त्यातले निम्मे तरी इथल्या फ्लॅट बुश या उपनगरात राहणाऱ्या प्रसादच्या लाउंजमधले. शनिवारी दुपारी आम्ही तिथं एक थाई थ्रिलर सिरीज बघतो. मागच्या वर्षी पहिला सीझन झाला, यंदा दुसरा आला. दोन्ही वेळेला प्रसादची आई, म्हणजे आमच्या निर्मलाकाकू, पुण्याहून मुक्कामाला होत्या. त्यामुळे सिरीज पडद्यावर कमी आणि सोफ्यावर जास्त रंगली.

* * *

बोलणं थाई, सबटायटल्स इंग्लिश. काकू म्हणायच्या, "ती अक्षरं वाचेपर्यंत इकडे माणूस मरून जातो!" म्हणून मराठीत सांगायचं काम प्रसादकडे आलं.

प्रसाद आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्याला प्रत्येक गोष्टीची समरी करायची खोड. हिरॉईन रडली, ओरडली, फुलदाणी फोडून पुन्हा रडली, की हा शांतपणे सांगणार, "ती नाही म्हणाली."

"एवढं बोलून नुसतं नाही?"

"आई, थाई भाषाच लांबलचक असते गं!"

त्याची दहा वर्षांची इरा जमिनीवर लोळत सबटायटल्स वाचत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट इव्हन क्लोज!"

तिला लगेच चिप्स आणायला किचनमध्ये पिटाळण्यात आलं.

* * *

थाई नावं कोणाच्याच तोंडात बसेनात. काकूंनी पहिल्याच एपिसोडला सगळ्यांचं बारसं उरकून टाकलं होतं. हिरॉईन सुनंदा, हॉटेलचा मालक मोठे भाऊजी आणि तपासाला आलेला इन्स्पेक्टर जोशी.

माझे सासरे अण्णा यंदाच हिल्सबरोला आमच्याकडे आले, त्यामुळे त्यांचा पहिला सीझन हुकलेला. अर्धा तास ते गप्प बसून ऐकत होते. मग मला हळूच म्हणाले, "सूनबाई, थायलंडच्या पोलिसात जोशी कसा?"

काकूंना ते ऐकू गेलं. पडद्यावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "बदली होऊन आलेत."

* * *

अण्णा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले इंजिनियर. मोठ्या भाऊजींच्या मुलाचं प्रेत हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये तरंगत होतं, आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो आणि अण्णा एकदम कडाडले.

"ढकललं कोणी ते राहू द्या! इथं पाण्याला उतारच नाही. हे काम पास कोणी केलं?"

शेवटपर्यंत त्यांचा संशय कॉन्ट्रॅक्टरवर होता.

* * *

खरी पंचाईत सुनंदाची. पहिल्या सीझनमध्ये ती एका तरुणाबरोबर लग्नाशिवाय एकाच फ्लॅटमध्ये राहत होती. काकूंनी विचारलं, "हा कोण?"

प्रसादला घाम फुटला. "भाऊ."

"सख्खा?"

"सख्खा!"

त्याच्या घामाला कारण होतं. त्याचा धाकटा भाऊ अमेय बॉटनी डाउन्सला रेचलबरोबर राहतो आणि काकूंना सांगितलेलं होतं की रेचल त्याची फ्लॅटमेट आहे. आईला खरं सांगायला अमेय दरवेळी आतुर असायचा आणि प्रसाद दरवेळी त्याला थांबवायचा. "पुढच्या ट्रिपला सांगू. आईला बीपी आहे."

प्रसादची बायको केतकी म्हणायची, "बीपी आईंना नाही, तुला आहे!"

तर यंदा दुसऱ्या सीझनमध्ये सुनंदानं त्या सख्ख्या भावाशी थाटामाटात लग्न केलं. फुलं, भिक्षू, जेवणावळ, सगळं साग्रसंगीत.

"दत्तक होता तो!" प्रसाद ओरडला.

"मग मागच्या वर्षी का नाही बोललास?"

"सस्पेन्स होता, आई!"

काकूंनी तळहातावरच्या शेंगदाण्यांची सालं फुंकली. "बरं झालं. शोभतात हो एकमेकांना."

अमेय प्रसादकडे बघत होता आणि प्रसाद रिमोटकडे.

* * *

त्याच सुमारास काकू एकदा अमेयकडे जेवायला जायच्या होत्या. त्याच्या दुसऱ्या बेडरूममध्ये सायकली असतात. आदल्या दिवशी दोघा भावांनी सायकली गराजमध्ये कोंबल्या, एक सिंगल बेड आणला, नव्या गादीवर चादर घातली आणि पुरावा म्हणून रेचलचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, खुर्चीवर वाळत टाकले. अशी तयारी त्या थाई खुन्यानंसुद्धा केली नव्हती.

काकूंनी घर बघितलं आणि त्या बेडवर टेकल्या. कर्रर्र! चादरीखाली गादीचं प्लॅस्टिक तसंच होतं.

काकूंनी एकदा वर-खाली होऊन बघितलं. पुन्हा कर्रर्र!

"वस्तू जपून वापरते हो पोरगी," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

मी हे ऐकून पोट धरून हसले. अमेय मात्र हसला नाही. "ताई, आई परत गेली की फोन करताना मी रेचलला पुन्हा कॅमेऱ्याच्या बाहेर बसवणार. मला लाज वाटते गं. ती काही बोलत नाही, त्याची तर जास्तच वाटते."

आपण किती वेळ हसतोय, असं मला वाटलं.

* * *

शेवटचा एपिसोड आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकूंची फ्लाइट होती. बॅगा पॅसेजमध्ये उभ्या होत्या. अमेय आणि रेचलही आले होते.

इन्स्पेक्टर जोशींनी सगळ्यांना पूलपाशी गोळा केलं, खुन्याकडे बोट दाखवायला हात उचलला आणि पडदा काळा! म्हणे, तिसरा सीझन येतोय.

"म्हणजे फेरनिविदा!" अण्णा वैतागून उठले.

काकू चिडल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि तबक घेऊन आल्या. तांदूळ, ब्लाऊजपीस, नारळ. निघण्याआधी सुनेची ओटी भरणार, हे उघडच होतं. केतकीनं ओढणी सावरली. तिची ओटी भरून झाली, पण तबकात दुसरा नारळ होताच.

"रेचल, इकडे ये. बस."

जीन्समधली रेचल गोंधळून खुर्चीवर बसली. तिला पदर नव्हता, म्हणून काकूंनी स्वतःची शाल तिच्या मांडीवर पसरली. कुंकू लावलं आणि ओटी भरली.

"आई, अगं ती..." प्रसाद अर्धवट उठला.

काकूंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. रेचलच्या गालावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "डिसेंबरात दोघांनी पुण्याला यायचं. आपल्याकडे रिकामी खोली एकच आहे."

अमेय खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होता. रेचलनं नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि प्रसादला विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

प्रसादनं रिमोट हातात घेतला.

"सांग की तिला," काकू म्हणाल्या. "आणि या वेळी, बोलले तेच सांग!"