आजेसासूनं मागितलेली डॉक्टरीण

माझ्या अंगात कधीही, कोणीही आलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण अंबरनाथच्या आमच्या घरात आजही बरोबर उलटं सांगतात. नवी सून आली की तिला माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, हिच्या अंगात हिची आजेसासू आली होती. माझ्यासमोर सांगतात. मी नाही म्हटलं तर कौतुकानं हसतात. आधी मी चिडायचे, आता लिहूनच ठेवते.

देश स्वतंत्र होऊन चार-सहा वर्षं झाली असतील. मी कल्याणची, सातवी पास झालेली. लग्न होऊन अंबरनाथला आले. सासरी भातशेती होती आणि नवरा काड्यापेटीच्या कारखान्यात जायचा. दुसऱ्या वर्षी मला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी झालं, सुखरूप झालं असं सगळे म्हणाले. सुखरूप म्हणजे आम्ही दोघी जिवंत राहिलो, एवढाच त्याचा अर्थ. माझी झोप मात्र तिथेच उडाली होती. पोर रडायला लागली की माझे हात गार पडत. आई म्हणाली, बाळंतिणीचं असंच असतं, आणि तिनं मला सासरी पोचवून दिलं.

सासरी ते वाढलं. मला कशाचंच काही वाटेनासं झालं. पोर हसली तरी नाही, नवरा रागावला तरी नाही. वाटायची ती एकच गोष्ट, भीती. घरामागे विहीर होती. पोरीला कडेवर घेऊन मागच्या दारी गेले की मनात यायचं, आपण हिला आत टाकू. टाकायचं नसायचं. पण यायचं. मग मी पोरीला जमिनीवर ठेवून लांब जाऊन बसायचे, आणि घरातले म्हणायचे, कसली आई आहे ही. शेवटी थोरल्या जावेनं तिच्या बाळाबरोबर माझीही अंगावर पाजायला घेतली. तिचे उपकार मी विसरलेले नाही. पण त्या दिवसापासून माझं पोर माझं राहिलं नाही, आणि मला ते परत हवं होतं. मला दुसरं काहीही नको होतं.

फाळणीनंतर जवळच निर्वासितांचे कॅम्प वसले होते, तिथली एक सिंधी बाई आमच्याकडे पापड विकायला यायची. तिला माझ्याकडे एकदा बघून कळलं. ओटीवर टोपली उतरवून ती म्हणाली, हमारे यहाँ भी बहुत औरतें ऐसी हो गयी थीं. मग तिनं सांगितलं की पाच नंबरच्या कॅम्पात एक डॉक्टरीण आहे, तीही सिंधमधूनच आलेली. तिकडे ती मनाच्या आजारांच्या इस्पितळात कामाला होती. इथे ती ताप-खोकला बघते, पण गुरुवारी दुपारी ती नुसती बसते आणि बायका बोलतात.

नुसती बसते आणि बायका बोलतात. एवढं ऐकूनच माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कित्येक आठवड्यांनी आलं.

मी नवऱ्याला विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, बोलायला डॉक्टर कशाला लागतो, माझ्याशी बोल. मी बोलायला तोंड उघडलं तोवर त्याचा डोळा लागला होता. कारखान्यातून दमून आलेला माणूस, मी त्याला दोष देत नाही; पण त्यानं मला दिला. दुसऱ्या दिवशी त्यानं ते घरात सांगितलं आणि सासऱ्यांनी साफ नाही म्हटलं. निर्वासितांच्या बराकीत आमची सून जाऊन घरातलं बोलणार, म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या सहसा बोलतच नसत. सगळ्यांचं ठरलं की मला बाहेरचं लागलंय, आणि अवसेला मला बैलगाडीत घालून बदलापूरच्या पलीकडे, बारवीकडच्या एका पाड्यावर भगताकडे नेलं.

तिथे आमच्या आधी एक बाई बसली होती. भगत तिला विचारत होता, तू कोण, कुठली, काय पाहिजे. ती घुमत होती. तिच्या तोंडून कोणी मेलेली नणंद बोलली आणि तिनं हिरवं लुगडं मागितलं. तिच्या घरच्यांनी लगेच हात जोडले, देतो म्हणाले. मी ते नीट बघून ठेवलं.

मग मला पुढे बसवलं. मिरच्यांची धुरी केली. डोळ्यांतून, नाकातून पाण्याच्या धारा लागल्या. भगतानं विचारलं, "कोन हाय तू? नाव सांग."

मी माझं नाव सांगितलं. आपसूक तोंडात आलं ते माहेरचं. लग्नात ते बदललं होतं आणि सासरी ते कोणी उच्चारत नसे. झालं, सगळे चपापले. ही कोण नवीन, असं एकमेकांना विचारू लागले. सासूबाई तेवढ्या हळूच म्हणाल्या, "तिचाच हाय त्ये नाव, म्हायेरचा." त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. भगतानं पुन्हा धुरी केली, पुन्हा विचारलं. या खेपेस मी सासरचं नाव सांगितलं. तर तो म्हणाला, लबाड आहे, सुनेचं नाव घेऊन लपतंय.

म्हणजे मी माझं कुठलंही नाव घेतलं तरी ती मी नव्हतेच. मला त्या क्षणी जो राग आला, तो मला आजही पुरतो. इतके दिवस काहीच वाटत नव्हतं, आणि आता नखशिखान्त संताप. मी केस मोकळे सोडले, त्या बाईनं सोडले होते तसे. मान हलवली. आणि जड आवाज काढून सांगितलं की मी या घरची थोरली, हिची आजेसासू.

गाडीतून आलेली सगळी माणसं एकदम वाकली. सासरे, ज्यांनी माझ्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, त्यांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि रडले. त्यांची आईच ना ती. काय पाहिजे तुला, असं त्यांनी विचारलं.

"माझे नातसुनेला कॅम्पातले डाक्टरनीकडं न्या," मी म्हटलं. "दर गुरवारी न्या. ती पुरे म्हनंल तवर न्या."

भगताला हे नवीन होतं. आजवर त्याच्याकडे लुगडी, बांगड्या, कोंबडे मागितले गेले होते, डॉक्टरीण कोणी मागितली नव्हती. तो मग सावरून म्हणाला, डाक्टरनी आणि एक कोंबडा. कोंबडा अर्थात त्याला.

मी खोटं बोलले. त्याचं मला वाईट वाटायला हवं असं माझ्या मुलीला वाटतं. मला नाही वाटत. खरं बोलले तेव्हा माझ्या नाकाखाली मिरच्या जाळल्या होत्या.

पुढच्याच गुरुवारी मी कॅम्पात गेले. सोबतीला सासूबाईंना पाठवलं, कडेवर पोर, कारण दुपारी जाऊबाई शेतावर असायची. लष्कराच्या जुन्या बराकी, एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. डॉक्टरणीच्या खोलीलाही तसाच पडदा होता. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या, मी आत. पलीकडे कोणीतरी कांदा परतत होतं, त्याचा वास येत होता. माझं हिंदी मोडकं, तिचं मराठी त्याहून मोडकं. ती चाळिशीची असेल, पांढऱ्या साडीतली, फारशी गोड न बोलणारी. तिनं भूतबीत काही विचारलं नाही. झोप येते का विचारलं, जेवतेस का विचारलं. मग विचारलं, "बच्ची रोती है तब मन में क्या आता है?"

मला कोणीच हे विचारलं नव्हतं. मी सांगितलं. मराठीतच सांगितलं, विहिरीचं सगळं. सांगून झाल्यावर वाटलं, आता ही ओरडेल, पोलिसांना बोलावील. ती मुळीच दचकली नाही. म्हणाली, हे ती पुष्कळ आयांकडून ऐकून आहे. मनात येणं वेगळं आणि करणं वेगळं. आणि ज्या बाईला या विचाराची इतकी भीती वाटते, ती पोरीला जपतेच आहे. हा आजार आहे, म्हणाली, पाप नाही, आणि तो बरा होतो. मी किती वेळ रडले सांगता येत नाही. तिनं डोळे पुसायला सांगितलं नाही. मी थांबल्यावर म्हणाली, "अच्छा. अब बोल."

बाहेर आले तेव्हा मला कळलं की गोणपाटाच्या आडून सगळं ऐकू येतं. सासूबाई पोरीला घट्ट धरून बसल्या होत्या. वाटलं, आता ही घरी जाऊन सांगणार आणि मला माहेरी धाडणार. परतताना शेताच्या बांधावरून चालत आलो. दुसऱ्या दिवशी पहाटे मी हंडा घ्यायला गेले तर तो जागेवर नव्हता. त्या विहिरीवरून पाणी घेऊन आल्या होत्या. त्यानंतर मला त्यांनी विहिरीवर जाऊच दिलं नाही, आणि का, हे घरात कोणाला सांगितलं नाही.

असे कितीतरी गुरुवार गेले. थोडे दिवस डॉक्टरणीनं झोपेची गोळी दिली, बाकी सारं बोलणंच. कधी मी तिच्यावर चिडले, तुम्हाला काय कळणार म्हणाले. ती म्हणाली, नहीं कळता, इसलिए पूछती हूँ. मग एक दिवस तिनं सासूबाईंना पोरीला माझ्या मांडीवर द्यायला लावलं आणि स्वतः शेजारी बसून राहिली. हात गार पडले तरी घेऊन बस, म्हणाली. मी बसले. पोरीनं माझं मंगळसूत्र तोंडात घातलं. पुढल्या गुरुवारी पुन्हा तेच, मग घरी तेच. हळूहळू हात गार पडायचे थांबले. पावसाळा संपताना पोर रात्री माझ्या कुशीत झोपू लागली. विचार अधूनमधून यायचा, पण आता मला त्याच्याशी बोलता येत होतं.

घरात मात्र सारं श्रेय आजेसासूला. लोक मला नमस्कार करायचे आणि माझ्याशी कोणी बोलायचं नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी कोणी तक्रार करीना. मग भगताचा निरोप आला की म्हातारीचं काम झालं, आता मानपान करून तिची पाठवणी करा, नाहीतर ती राहून जाईल. सासऱ्यांनी दिवस ठरवला आणि म्हणाले, पाठवणी झाली की कॅम्पात जाणंही बंद, तिचं मागणं पुरं झालं.

डॉक्टरणीनं अजून पुरे म्हटलेलं नव्हतं. मला पुन्हा केस सोडून मान हलवता आली असती आणि आणखी काही महिने मागून घेता आले असते. पण मला त्या म्हातारीच्या नावानं जगण्याचा वीट आला होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं, कोणी आलंच नव्हतं, पाठवणी कोणाची करता?

नवऱ्याचा चेहरा पडला. "म्हंजे तू आमाला फसवलंस?"

"हो," मी म्हटलं. "माझ्या नावानं मागितलं होतं ना आधी. तेव्हा दिलं असतंत तर फसवावं लागलं नसतं."

सासरे उठून उभे राहिले. मला वाटलं मारतात की काय. मारलं नाही, ते फक्त म्हणाले की मागणारीच खरी नव्हती तर मागणं कसलं, आजपासून कॅम्प बंद, आणि पोर उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. मी म्हटलं, मी गुरुवारी जाणार आहे. पोरीशिवाय जावं लागलं तर तशी जाईन आणि परत येऊन तिला घेईन. आवाज माझाच होता, जड काढलेला नव्हता.

गुरुवारी दुपारी मी एकटीच निघाले. अंगणात सासूबाई उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घेतलेला, कडेवर पोर. सासरे ओटीवर होते. त्यांनी करड्या आवाजात विचारलं, तुला कोणी सांगितलं जायला?

"कोनी नाय," सासूबाई म्हणाल्या. "मीच जाते." आणि त्या माझ्या पुढे चालू लागल्या. सासऱ्यांनी मागून हाक मारली, त्या थांबल्या नाहीत.

बराकीत पोचलो. आतून डॉक्टरणीनं हाक दिली, मी उठायला लागले. सासूबाईंनी पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्या स्वतः पडदा सारून आत गेल्या. मग त्यांचा आवाज आला, अगदी बारीक.

"माजा पयला पोर गेला, त्याला तीस वरसा झाली आसतील," त्या म्हणत होत्या. "घरान कोनी त्याचा नाव घेव देत नाय."

त्या घरात मी तीन वर्षं काढली होती. थोरल्या दिराच्या आधी आणखी एक मुलगा होता, हे मला ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नसल्यासारखं ते घर चाललं होतं. त्या त्याचं नाव सांगणार, एवढ्यात मी पोरीला उचललं आणि बराकीच्या टोकाला, जिथे बायका नळावर भांडत होत्या, तिथे जाऊन उभी राहिले. तिथून आतलं काही ऐकू येत नव्हतं.