नागसेनचं गुलाबी शरबत

नागसेन माझा विद्यार्थी. वर्गातला फळा कोणी ओरखडला म्हणून विचारलं, की बाकीची पोरं छताकडे बघायची आणि हा उभा राहून "मी, गुरुजी" म्हणायचा. छडी खायचा आणि खाली बसायचा. अशा माणसावर पुढं अकरा वर्षं आईशी खोटं बोलायची पाळी आली. त्यातली शेवटची पाच वर्षं त्या खोट्याचा राखणदार मी होतो. आईला कळलं तर ती जन्मात तोंड पाहणार नाही, ही धास्ती त्याच्या मनात होती. त्याच्यामुळे माझ्याही मनात शिरली.

त्याची आई पंचफुलाबाई. तिला सेलूपासून वर्ध्यापर्यंत लोक ओळखतात, ते दारूबंदीमुळे. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारूचं दुकान नाही, एवढंच. बाकी कॅनमधून, टायरच्या ट्यूबमधून ज्याला हवी त्याच्या दारात येते. तिचा नवरा चिंधू त्या कॅनपायीच गेला, नागसेन सातवीत असताना. तेराव्या दिवशी रडायचं सोडून पंचफुलाबाईंनी गावातल्या बाया गोळा केल्या आणि नाल्याकाठची भट्टी फोडली. तेव्हापासून त्या गावच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्या गल्लीत शिरल्या की भल्याभल्या बाप्यांना एकाएकी शेतातलं काम आठवतं.

नागसेन बारावीनंतर पुण्याला गेला, हॉटेलात भांडी घासायला. पोरगा हाताचा नेटका, बोलायला गोड. तीन वर्षांत तो बारच्या काउंटरमागे उभा राहिला. आईला त्यानं कळवलं, मी शरबतावर आहे. पंचफुलाबाई बाजारात सांगत सुटल्या, माह्या पोराच्या हातचं शरबत पुण्याचे साहेब लोक पेतात.

मला हे कसं कळलं? पाच वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाला पुण्याला गेलो होतो. पंचफुलाबाईंनी पोरासाठी सांडग्यांचा डबा दिला होता. न कळवता हॉटेलात जाऊन थडकलो, तर हा गळ्यात काळा बो बांधून बाटल्यांच्या भिंतीपुढं उभा. मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मग मला कोपऱ्यात बसवून त्यानं सगळं सांगितलं. तो स्वतः कधी पीत नाही. चव बघायची तर जिभेला लावून थुंकतो. "पाचवं शील मी मोडलं नाई, गुरुजी," हे तीनदा म्हणाला. पंचशीलातलं पाचवं म्हणजे नशा न करणं. मी शब्द दिला, कोणाला सांगणार नाही.

आणि मग, लपवून काय उपयोग, मी त्याच्या हातची एक प्यालो. दोन ऑक्टोबरला दरवर्षी दारूबंदीवर अर्धा तास भाषण ठोकणारा मी. जिन नावाची दारू ही काय चीज आहे ते मला तिथं कळलं. एरवी ती पाण्यासारखी दिसते, पण हल्ली गुलाबाची, काकडीची, लिंबाची, असल्या चवींची मिळते. त्यानं गुलाबाची घेतली. उंच ग्लास आधी थंड करून ठेवलेला. बर्फाचे खडे मोठे, कारण बारीक बर्फ लगेच विरघळून सगळं पांचट होतं. जिनमध्ये गोडवा असतोच, म्हणून साखर नाही. लिंबू, काकडीचा लांब काप, वरून टॉनिक, म्हणजे कडसर सोडा, ग्लासाच्या कडेनं हळूच. पुदिना मात्र चुरगाळायचा नाही, कडवट होतो. पानं तळहातावर ठेवून वरून एक टाळी द्यायची, की वास सुटतो. फार छान लागली, हे मी कबूल करतो.

तिथून परतलो आणि माझी झोप उडाली. पंचफुलाबाई भेटल्या की मी चपला घालायच्या निमित्तानं वाकायचो. त्या नागसेनचं कौतुक करायच्या आणि मला घाम फुटायचा.

यंदा फेब्रुवारीत नको तेच झालं. हॉटेलवाल्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ टाकला: फ्लेवरची जिन घेऊन घरच्या घरी थंडगार कॉकटेल कसं करावं. बोलणारी बाई इंग्रजीत बोलत होती, हात आणि हसू नागसेनचं. तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर येऊन पडला. आता बोंब होणार म्हणून मी घरात बसून राहिलो. पण बोंब झालीच नाही. आमच्या बायांना दारू ठाऊक आहे ती कॅनमधली, नाक दाबायला लावणारी. बाटलीवर गुलाबाचं चित्र, आत गुलाबी पाणी, वर पुदिना. अंगणवाडीच्या प्रेरणाताईंनी ग्रुपवर लिहिलं, नागसेनभाऊंचं गुलाब शरबत बघा. खाली चाळीस फुलं आली.

आणि ठरलं, आठ मार्चच्या कार्यक्रमात नागसेननं हेच शरबत सगळ्यांना करून द्यायचं. पंचफुलाबाईंनी स्वतः फोन करून त्याला सुट्टी काढायला लावली.

सहा तारखेला तो आला आणि सामान टाकून थेट माझ्याकडे. म्हणाला, "गुरुजी, सांगून टाकतो आईले." मीच त्याला थांबवलं. दुकानातून गुलाबाचं शरबत आण, टॉनिकऐवजी सोडा घाल, कोणाला काय कळतंय, असा शहाणपणा मी शिकवला. आईचा एवढा मोठा दिवस कशाला नासवतोस, हेही वर जोडलं. खरं म्हणजे मला माझी काळजी होती. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

आठ तारखेला समाजमंदिर भरलं होतं. नागसेननं टेबल मांडलं, काकडी कापली, बर्फ फोडला. पुढच्या रांगेतल्या बाया हातावर पुदिना ठेवून टाळ्या देऊन बघत होत्या आणि हसत होत्या. पंचफुलाबाई नवं निळं लुगडं नेसून स्टेजवर बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी वर्ध्याच्या कॉलेजातल्या एक प्राध्यापिका, पाहुण्या. मी दुसऱ्या बाजूला. सगळं सुरळीत चाललंय असं वाटायला लागलं, तोच प्रेरणाताईंनी शाळेचा प्रोजेक्टर लावला. म्हणाल्या, आधी व्हिडिओ बघू, मग प्रत्यक्ष.

भिंतीवर ती बाटली माणसाएवढी दिसायला लागली. मोबाइलवर मुंगीएवढी असलेली इंग्रजी अक्षरं आता वीतभर होती. प्राध्यापिकाबाईंनी चष्मा नाकावर नीट केला. भिंतीकडे पाहिलं, नागसेनकडे पाहिलं, मग कपाळाला आठ्या घालून पंचफुलाबाईंच्या कानाशी वाकल्या. काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून मी खुर्चीतून अर्धा उठलो.

नागसेननं हातातली सुरी खाली ठेवली.

"ताई, बंद करा ते," तो प्रेरणाताईंना म्हणाला. मग स्टेजकडे वळला. "आई, ते शरबत नाई. दारू हाये. मी अकरा वर्सांपासून दारूच पाजून राह्यलो लोकाइले."

पंचफुलाबाई उठल्या. खाली उतरल्या आणि त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मारणार.

"मी कदी पेलो नाई, आई," तो म्हणाला. "एक थेंब नाई."

"तू नाई पेला," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "ज्याइले पाजली, ते घरी जाऊन काय करत, ते पाह्यलं का तू?"

"नाई."

"मी पाह्यलं हाये."

मागच्या रांगेत दोघीतिघी डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. पंचफुलाबाई वळल्या आणि त्यांची नजर माझ्यावर आली.

"गुरुजी, तुमी पुण्याले गेलते. तुमाले माईत होतं का?"

सगळं समाजमंदिर माझ्याकडे बघत होतं. नागसेनही बघत होता.

"नाही," मी म्हणालो.

"गुरुजीले माईत असतं, तर त्याइनं मले सांगतलं असतं," पंचफुलाबाई बायांना म्हणाल्या आणि परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. नागसेनचं एक वाक्य पुरलं असतं. तो बोलला नाही. त्यानं मान खाली घालून टेबल आवरायला घेतलं.

पुढं महिनाभर आई त्याच्याशी बोलली नाही. त्यानं पुण्याची नोकरी सोडली. आता सेवाग्राम रस्त्याला त्याची शरबताची गाडी आहे. मे महिन्यापासून पंचफुलाबाईही तिथं स्टुलावर बसून लिंबं कापतात. मी दिसलो की नागसेन हाक मारतो, "या गुरुजी, बसा." त्याच्या आवाजात कुठंही खोच नसते. मी घाईत असल्याचं सांगून सायकल पुढं काढतो.

हे सगळं लिहून झालं की आधी पंचफुलाबाईंच्या हातात देणार आहे. त्या माझ्याच प्रौढ वर्गात वाचायला शिकल्या. ओळीखाली बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत वाचतात. माझ्या त्या 'नाही'पर्यंत पोचायला त्यांना सकाळची दुपार होईल. तोवर समोर बसून राहायचं, उठायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे.