कागदाची पाठ

वकीलआपांच्या हातात कुठलाही कागद दिला, की त्या आधी तो उलटा करून पाहत. लग्नाची पत्रिका असो, कोर्टाचं समन्स असो, नाहीतर हॉटेलवाल्याचं बिल. "राऊतभाऊ, कागद पुढून कायद्याचं बोलते अन् मागून खरं बोलते," असं त्यांचं म्हणणं. यवतमाळात आम्हा दोघांचं मिळून एक ऑफिस होतं. त्या दावे लढायच्या आणि मी खरेदीखतं, वाटणीपत्रं करायचो. मी मुळातच भित्रा. कोर्टात कोणी आवाज चढवला की मी फाइल उचलून बाहेर पडे.

आपा पुसदच्या एका मोटार मेकॅनिकची मुलगी. नाव वहीदा, पण पक्षकारापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या वकीलआपाच. आपली खाजगी टिपणं त्या पेन्सिलीने कागदाच्या पाठीवर लिहीत. साक्षीदार कसा आहे, कुठे भेटेल, कशाला घाबरतो, सगळं तिथे. समोरच्या पक्षाला नक्कल द्यायची वेळ आली की झेरॉक्सवाला पुढची बाजू तेवढी काढणार. पाठ आपल्यापाशीच राहणार. आमच्या बाररूममधले निम्मे वकील असंच करत.

कापसाची ती वाईट वर्षं होती. झाडं कमरेएवढी वाढली आणि बोंडंच धरली नाहीत, म्हणून बऱ्याच गावांनी मिळून एका बियाणे कंपनीवर दावा लावला. पावत्या, पंचनामे, तपासणीचे अहवाल, साक्षीदारांचे जबाब यांनी ऑफिस इतकं भरलं, की पक्षकाराला बाहेरच्या बाकावर बसवावं लागे. तेव्हा नागपूरच्या एका ओळखीच्या वकिलाने आपांना दाव्याचे कागद सांभाळणारं सॉफ्टवेअर आणून दिलं. कागद स्कॅन करून आत टाकायचे, त्यांना आपोआप नंबर पडायचे. जबाबही टाइप करून आत. मग 'गोदाम' असा शब्द टाकला, की कोणता साक्षीदार कोणत्या पानावर गोदामाबद्दल काय बोलला, ते सगळं एकाखाली एक समोर. आपा हरखून गेल्या. "बाप्पा, याले तं आपल्याहून जास्त याद राह्यते!" प्रत्येक पानाखाली शेऱ्याची एक चौकट होती. आपा आपली टिपणं तिच्यात टाइप करू लागल्या. "ही याची पाठ," मला म्हणाल्या.

दाव्याचा सगळा जीव एका बाईत होता. पंचफुलाबाई त्या कंपनीच्या गोदामात पाकिटं भरायची. परत आलेलं जुनं बियाणं नव्या पाकिटांत ओतताना तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने शपथपत्र दिलं आणि लगेच धमक्या सुरू झाल्या. पोलिसांत अर्ज दिला. त्याची पोच तेवढी मिळाली. शेवटी आपांनी तिला गुपचूप बोरी अरबला तिच्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. उलटतपासणीला ती उभी राहिली नसती, तर तिचं शपथपत्र असून नसल्यासारखं झालं असतं.

कंपनीच्या वकिलांनी कागदांच्या नकला मागितल्या. आपांनी सगळं सीडीवर उतरवलं आणि त्यांच्या माणसाच्या हाती दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, जादा काढलेली एक सीडी मी सहज आपल्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली. प्रत्येक पानाखाली शेरा होता. पंचफुलाबाईच्या शपथपत्राखाली लिहिलं होतं: 'बोरी अरब, बहिणीकडे, बाजाराच्या मागे, निळा दरवाजा.'

मी कॉम्प्युटरचा पडदा आपांच्या टेबलाकडे वळवला. त्या उठून आल्या, वाचलं, आणि मटकन खुर्चीत बसल्या. "या अल्ला. राऊतभाऊ, याची पाठही गेली."

शेजारच्या गॅरेजमधली जीप मागून त्यांनी स्वतःच चालवायला घेतली. मागून येणारी प्रत्येक गाडी आमच्या पुढे निघून गेली, की मला वाटे, हीच पंचफुलाबाईला गाठायला निघालेली.

निळ्या दरवाजाला कुलूप होतं. शेजारीण कवाडाआडूनच बोलली, "सकाळी दोघं जण आलते मोटरसायकलवर. पंचफुला कोठी हाये म्हणून विचारत होते. म्या म्हटलं, मले नाई मालूम." "अन् ती कोठी हाये?" आपांनी विचारलं. तिने आमच्याकडेही संशयानेच पाहिलं आणि म्हणाली, "मले नाई मालूम." आपांनी काळा कोट दाखवला, आपलं नाव सांगितलं, तेव्हा कुठे तिने शेताकडे बोट केलं.

पंचफुलाबाई बहिणीसोबत कापूस वेचत होती. आपा तिच्यापुढे उभ्या राहिल्या आणि आडवळण न घेता बोलल्या, "चूक माह्यी हाये. तुह्या ठिकाणा त्याइले मीच देला." पंचफुलाबाईच्या ओटीतला कापूस खाली सांडला. "आता मी कोठी जाऊ, आपा?" "माह्या घरी." "अन् तेथी आले तं?" आपा म्हणाल्या, "तं दोघी मिळून भेऊ."

तारीख येईपर्यंत ती आपांच्याच घरी राहिली. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलाने नेमकं तेच धरलं. "तुम्ही या वकीलबाईंच्याच घरी राहता ना? त्यांचंच खाता ना?" साक्षीदार पढवलेली आहे, हे त्याला दाखवायचं होतं. पंचफुलाबाईने कठडा घट्ट धरला. "हो, राह्यतो. भेव वाटते म्हणून राह्यतो. तुमच्या कागदात माह्या पत्ता आला अन् दुसऱ्या दिशी दोघं जण बहिणीच्या दारात आले. तुमी सांगा साहेब, कोठी राहू?" न्यायाधीशांनी तिचं उत्तर शब्दाला शब्द उतरवून घ्यायला सांगितलं.

दावा आम्ही जिंकलो. कंपनी अपिलात गेली. धमक्या थांबल्या नव्हत्या, म्हणून आपांनी पंचफुलाबाईला कुठल्याशा लांबच्या गावी बसवून दिलं. कुठे, ते मलाही सांगितलं नाही. सॉफ्टवेअर त्यांनी पुढेही वापरलं, पण शेऱ्याची चौकट कायम कोरी. वर्षातून एकदा पिशवीत लुगडं घालून त्या एसटीने कुठेतरी जाऊन येत.

मग त्यांना आजाराने धरलं. दवाखान्यात त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कानात त्या गावाचं नाव सांगितलं. "लिहू नोका. टाइप तं करूच नोका. नुसतं लुगडं देऊन या." मी भित्रा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी तसं म्हटलंही. "म्हणूनच तुमाले सांगतलं," त्या म्हणाल्या. "भेणारा माणूस बोलत नाई."

आपा जाऊन बरीच वर्षं झाली. अपील अजून लोंबतंय. मी दरवर्षी लुगडं घेऊन जातो, जाताना दोनदा गाडी बदलतो, आणि कोणी मागे आहे का हे पाहतो. आता माझेही गुडघे बोलायला लागलेत. पंचफुलाबाई अजून आहे, आणि ते गाव कोणाच्या कानात सांगावं, हे मला कळत नाही.