सासरे, मी आणि टाकीतलं खत

लग्नाला अठरा वर्षं झाली, पण सासरे माझ्याशी सरळ एक वाक्य कधी बोलले नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं. आमच्याकडे पद्धतच तशी. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही आणि सुनेनं डोक्यावरचा पदर सावरत गप्प राहायचं. माझा पदर केव्हाच सुटला, गप्प राहणं तेवढं राहिलं. मध्ये सासूबाई असायच्या. मी हातभर अंतरावर कणीक मळत असले तरी सासरे त्यांना सांगायचे, "चहा टाक म्हणावं तिला." मग सासूबाई माझ्याकडे वळून तेच पुन्हा सांगायच्या, वर साखरेबद्दल स्वतःचं एक वाक्य जोडून. कामं होत होती, कुणाची तक्रार नव्हती.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. जमीन भावकीत बटईनं कसायला देऊन सासरे चाकूरकडच्या गावातून आमच्याकडे नांदेडला राहायला आले. नवरा सकाळीच विष्णुपुरीला कॉलेजात शिकवायला जातो, तो दिवेलागणीला परत. मुलगी अकरावीसाठी लातूरला. हुशार पोरं लातूरला धाडायची असा आमच्याकडचा रिवाज आहे. तिथं ती आणखी हुशार होतात की नुसतीच बारीक होतात, हे आमच्या घरी अजून ठरायचंय. थोडक्यात, दिवसभर घरात माणसं दोन आणि मध्यस्थ कुणीच नाही.

काही दिवस खाकरण्यावर भागलं. बारीक खाकरणं म्हणजे चहा, मोठं म्हणजे मी स्वयंपाकघरात येतोय. मग एके संध्याकाळी नवरा घरी आला, वडिलांच्या कपाळाला हात लावला आणि ओरडलाच. अंग तव्यासारखं तापलेलं. सकाळपासून ताप होता म्हणे. त्या तापलेल्या माणसासमोर मी दोनदा चहा ठेवून आले होते. "तुला कळलं नाही?" नवऱ्यानं विचारलं. ताप काही खाकरून कळत नाही, असं मी त्याला सुनावलं. पण खरं सांगते, त्या दिवसापासून मी घाबरले. उद्या काही मोठं दुखणं आलं तर हा माणूस मुलगा घरी येईपर्यंत गप्प बसून राहील. नुसती शंका नव्हती, खात्रीच होती.

माशांची टाकी मुलीची. लातूरला जाताना ती आमच्या गळ्यात मारून गेली. दोन फुटांची काच, थोडे गप्पी मासे आणि खऱ्या वनस्पती. प्लास्टिकच्या चालणार नाहीत, हे तिनं बजावून सांगितलेलं. शिवाय खताची एक बाटली. आठवड्याला एक टोपण पाण्यात ओतायचं. मी ओतत होते, लहान मुलाला खोकल्याचं औषध द्यावं तसं. तरी मधल्या रुंद पानांच्या झाडाची खालची पानं पिवळी पडत चालली.

सासऱ्यांनी आपली खुर्ची टाकीसमोर ओढून घेतली होती. दिवसभर तिथंच. मला बरं वाटलं, म्हटलं, मासे बघून करमत असेल. ते मासे बघत नव्हते. ते पीक बघत होते.

एका सकाळी सगळे मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडझाप करत होते. पाण्याला वास. तुळशीसाठी सासऱ्यांनी गावाहून आणलेली युरियाची पुडी शेजारच्या स्टुलावर उघडी पडली होती. आदल्या दिवशी त्यांनी चिमूटभर टाकला असणार. पण आयुष्यभर शेतात खत फेकलेल्या हाताची चिमूट ती, तिच्यात दोन फुटांच्या टाकीचा हिशेब कुठून येणार? मी बादल्यांवर बादल्या पाणी बदललं. काही मासे वाचले, काही चहाच्या गाळणीनं काढावे लागले.

माझं डोकं फिरलं होतं. पण सासऱ्यांवर ओरडायची सोय नाही. मी हातातला मग आपटला आणि काचेकडे तोंड करून म्हणाले, "ज्यानं कुणी युरिया टाकला असेल त्याला म्हणावं, हे सोयाबीन नाही. जिवंत मासे आहेत यात." वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

मग पाठीमागच्या खुर्चीतून आवाज आला. तोही माशांनाच.

"पानं पिवळी पडून राहिली. नत्र कमी हाय. कुणी बघंना, म्हणून टाकलं म्हणावं."

"टाकायच्या आधी विचारायचं म्हणावं."

"कुणाला इचारावं?"

मी मेलेले मासे कुंडीत पुरायला निघून गेले.

मुलीला फोन केला. तिनं आधी आम्हाला झापलं, मग सांगितलं की ते झाड मुळातून खातं, त्याच्या बुडाशी खताच्या गोळ्या पुरायच्या, तुम्ही दोघंही उगीच वरून ओतताय. फोन स्पीकरवर होता. मला जरा समाधान वाटलं की चूक दोघांचीही निघाली. सासऱ्यांच्या तोंडावरही तेच दिसलं.

तेव्हापासून गुरुवार खताचा. सासरे बाही वर करून कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचे आणि गोळी मुळाशी दाबायचे. बाकीच्या झाडांसाठी बाटलीतलं टोपणभर मी ओतायची. त्या टोपणाकडे ते फार तुच्छतेनं बघायचे. "येवढ्यानं काय व्हतंय म्हणावं." बदललेलं पाणी मी मोरीत ओतायला निघाले तर ते बादलीच धरून बसले. पाणी फेकायचं असतं हे त्यांना या जन्मी पटणार नाही. ते पाणी गॅलरीतल्या मिरचीला जाऊ लागलं, आणि मिरची अशी माजली की शेजाऱ्यांना वाटत फिरावं लागलं.

टाकीशी आमचं बोलणं वाढत गेलं. ठेचा हाय का? आहे म्हणावं. लातूरहून फोन आल्ता का? आला होता, जेवण आवडत नाही म्हणते. एकदा ते काचेकडे बघत म्हणाले, "तिला लई आवडले असते हे मासे." म्हणजे सासूबाईंना. माझे डोळे भरून आले. त्या झाडाला नवीन कोवळं पान फुटलं तेव्हा आम्ही दोघांनीही ते माशांना सांगितलं, एकमेकांकडे न बघता.

यंदाच्या पावसाळ्यातली गोष्ट. गुरुवारची दुपार. सकाळी टाकीत मी एकटीनंच खत घातलं होतं, सासरे पडून होते. मी कपड्यांच्या घड्या घालत बसलेले. सासरे उठून टाकीपाशी आले, कड धरून उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "छातीत भरून यिऊन राहिलंय म्हणावं. सकाळपासनं."

मासे आपले फिरत होते.

"चप्पल घाला. रिक्षा बोलावते," मी म्हणाले. कुणाला म्हणाले याचा विचार करायला वेळ नव्हता.

डॉक्टर म्हणाले, आणलंत ते बरं केलंत, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं. विष्णुपुरीहून नवरा पळतच आला आणि आल्या आल्या औषधं आणायला खाली गेला. खोलीत आम्ही दोघंच उरलो. सासऱ्यांनी इकडंतिकडं बघितलं. पांढरी भिंत, कपाट, सलाईनची बाटली.

"ठिबक लावलंय," ते बाटलीकडे बघून म्हणाले.

चला, मिळालं कुणीतरी बोलायला, असं मला वाटलं. पण त्यांनी बाटलीवरची नजर काढली, मान सावकाश वळवली आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

"खत टाकलंस का?"

मीही त्यांच्याकडेच बघितलं.

"टाकलं, मामा," मी म्हणाले. "एक टोपण."

"कमी हाय," ते मला म्हणाले.