बहिणीच्या मॅरेथॉनला मी दिलेला पाठिंबा

माझी धाकटी बहीण गोंदियाजवळच्या गोरेगावकडे दिलेली. घरी धानाची शेती, दोन म्हशी, सासू, नवरा, आणि ती स्वतः अंगणवाडीत. चाळिशी ओलांडल्यावर तिची पाठ धरायला लागली म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. ती कालव्याच्या पाळीवरून चालायला लागली, आणि चालता चालता केव्हा धावायला लागली ते तिचं तिलाही कळलं नाही. सुरुवातीला साडी खोचून धावायची. बांधावरचे लोक काम थांबवून विचारायचे, "काऊन वो, कोन मागं लागला?" काही महिन्यांनी त्यांनी विचारणं सोडलं. मग तिनं बूट घेतले.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "दादा, इकडं जंगलाच्या रस्त्यानं मॅरेथॉन होऊन राहिली. मी एकवीस किलोमीटरात नाव टाकलं."

फोन ठेवला आणि मी तिचा प्रशिक्षक झालो. नेमणूक मीच केली. मी गोंदियात एका कार्यालयात बसतो, आणि 'बसतो' हेच त्या कामाचं खरं वर्णन आहे. फुलचूरच्या आमच्या घरातून कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायलाही मी स्कूटर काढतो. पण मोबाईलवर धावण्याचे व्हिडिओ मी भरपूर पाहिले होते. श्वास कसा घ्यावा, पाऊल कसं टाकावं, बीट किती खावं, हे मी तिला रोज सकाळी अंथरुणातून लिहून पाठवायचो. उत्तरादाखल ती जोडलेले हात पाठवायची. मला वाटायचं, केवढा आदर! तिला फक्त माझे संदेश थांबायला हवे होते, हे माझ्या मुलीनं मला नंतर समजावून सांगितलं.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी, माझी आई आणि एक फ्लेक्स. फ्लेक्स मी खास छापून घेतला होता. बनवणाऱ्याला बहिणीचा फोटो दिला, वर 'धाव ताई धाव' लिहायला सांगितलं आणि खाली कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून माझाही एक फोटो दिला. त्यानं नेहमीच्या सवयीनं काम केलं. नगरसेवकांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स छापणारा माणूस तो. माझा फोटो हात जोडलेला, भला मोठा, आणि बहीण वरच्या कोपऱ्यात, सुपारीएवढी.

"निवडणुकीले उभा होऊन राहिला का?" आईनं विचारलं.

बहिणीकडे पोचलो तेव्हा ती म्हशींना पेंड घालत होती. संध्याकाळी तिनं साधा वरण-भात खाल्ला आणि अंधार पडता पडता झोपायला गेली. तिच्या नवऱ्यानं, आमच्या जावयांनी, माझ्यासाठी मटण आणलं होतं. स्पर्धेच्या आदल्या रात्री अंगात ताकद साठवावी लागते, हे मला व्हिडिओंतून ठाऊक होतं. मी ती साठवली. तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा बहिणीची सासू म्हणाली, "पळणार कोन हाय? हे का तुमी?"

ही सासू म्हणजे कमी बोलणारी, करड्या आवाजाची बाई. सुनेच्या धावण्याबद्दल तिचं मत काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी मी उठलो तेव्हा बहीण जावयांच्या मोटरसायकलवर केव्हाच निघून गेली होती, आणि सासू मात्र लुगडं नेसून, शाल गुंडाळून आमच्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसलेली होती. "चला ना," एवढंच म्हणाली. प्रशिक्षक मागे, मुलीच्या आणि आईच्या मधे बसला. गाडी बायकोनं चालवली, कारण माझं पोट ठीक नव्हतं.

स्पर्धा सुटायची त्या मैदानापर्यंत गाडी नेऊ देत नव्हते. आम्ही दोन-तीन गल्ल्यांतून फिरून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका वळणावर थांबलो. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, पेंढ्या रचून केलेले पुंजने, धुकं. मी आणि मुलीनं दोन टोकं धरून फ्लेक्स ताणला. धावणारे यायला लागले. सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे नारिंगी. तेवढ्यात बहिणीच्याच अंगकाठीची, तशीच वेणी घातलेली एक बाई दिसली आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "शाब्बास गं माझी वाघीण! श्वास नाकानं घे!"

बाई चमकली. मग हसली, मला हात केला आणि खरंच नाकानं श्वास घेत पुढे गेली. ती कोण होती, देव जाणे.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आत्या गेली."

"कधी?"

"तुम्ही त्या काकूंना ओरडत होता तेव्हा. फ्लेक्सच्या पलीकडून गेली, मला नुसती पाठ दिसली. फ्लेक्समुळे आपल्याला ती येताना दिसली नाही, तिला आपण दिसलो नाही."

सासूला मात्र ती दिसली होती. ती फ्लेक्सच्या शेजारी, मोकळ्या जागी उभी होती. "चांगली जाऊन राहिली," ती म्हणाली आणि शालीत हात घालून पुन्हा रस्त्याकडे पाहत उभी राहिली.

रस्ता जंगलाच्या कडेपर्यंत जाऊन परत येणारा होता, म्हणून आम्ही तिथंच थांबलो. ऊन वर आलं. पुढचे परतून गेले, मधले गेले, आणि शेवटी ती दिसली. चेहरा लाल, पावलं जड, पण चाल तीच, कालव्याच्या पाळीवरची. तिला पाहून माझं काय बिनसलं कोण जाणे. फ्लेक्स बायकोच्या हातात दिला आणि मी चामड्याच्या चपलांनिशी तिच्या बाजूनं धावायला लागलो.

"हे बघ, शेवटचा टप्पा डोक्यानं धावायचा असतो," मी म्हणालो.

"दादा, नको धावू," ती धापा टाकत म्हणाली.

"माझी काळजी करू नको, तू फक्त..."

पुढचं वाक्य मी खाली बसून पूर्ण केलं. पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्यातच लोळलो. एक चप्पल बांधीत गेली. आणि जे व्हायला नको होतं तेच झालं. बहीण थांबली. इतके किलोमीटर कुठंही न थांबलेली बाई माझ्यामुळे थांबली, वाकली, माझा पाय धरून ताणायला लागली. मला दुखण्यापेक्षा लाजच जास्त वाटत होती. "जा तू," मी म्हणत होतो, पण पाय काही सोडवून घेत नव्हतो. तिच्या हातानं फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. इतका मोठा, की झाडावरची माकडं उठली.

"धाव वो बाई! तो काही मरत नाही!"

सासू. शाल खांद्यावरून घसरलेली, हात उंचावलेला. बहिणीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, माझा पाय हळूच खाली ठेवला आणि धावत सुटली.

मला ॲम्ब्युलन्सनं उचललं. "अंकल, आराम से, पानी पियो," आतला स्वयंसेवक म्हणाला. त्या ॲम्ब्युलन्सनं मी बहिणीला वाटेत मागे टाकलं आणि तिच्या आधी मैदानात पोचलो. मी लंगडत उतरलो तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी केळं दिलं, कुणीतरी पाठ थोपटून म्हणालं, "इस उमर में, वा!" खुलासा करायला हवा होता. मी केळं खाल्लं.

बहीण आली तेव्हा मैदान बरंच रिकामं झालं होतं. दोन ढोलवाले उरले होते, तेही चहा पीत. तिला पाहून त्यांनी घाईनं कप खाली ठेवले. रेषा ओलांडून ती तिथंच गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. तोवर आमची माणसं पोचली होती. सासूनं पदरानं तिचं तोंड पुसलं, लहान लेकराचं पुसतात तसं, जरा जोरातच.

"तुह्या मागं कोनी हाय का अजून?"

"असतील तीन-चार."

"मंग झालं," सासू म्हणाली, आणि तिच्या गळ्यातलं पदक हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं.

दुपारी घरी अंगणात बसलो होतो. माझी पोटरी तेल लावून खाटेवर, बहिणीचे पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. मी तिची माफी मागितली. ती हसायलाच लागली. मग मी विचारलं, "जंगलाच्या बाजूला, एवढा वेळ एकटी, मनात काय चालू होतं?"

तिनं पायाची बोटं पाण्यात हलवली.

"काहीच नाही. चांगलं वाटून राहिलं होतं. लग्न झाल्यापासून इतका वेळ मले कोनी हाक नाही मारली."

आणि मी तर तिला हाका मारायलाच फुलचूरहून गेलो होतो. मी लंगडत उठलो आणि तिच्या घमेल्यात आणखी गरम पाणी ओतलं. सल्ला न देता काही करण्याची माझी ती त्या दोन दिवसांतली पहिलीच वेळ, आणि ती तिच्या लक्षात आली असावी, कारण तिनं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं.